एसीएलच्या ऑपरेशननंतर पुन्हा कॉकपिटमध्ये: वैमानिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा उजवा गुडघा ठाण्यातल्या एका टर्फवर, रात्री साडेदहाच्या बॉक्स क्रिकेटमध्ये गेला. चेंडू अडवायला वळलो, बूट हिरवळीत रुतून जागीच राहिला आणि गुडघा फिरला. कट्कन आवाज आला, तो यष्टिरक्षकालाही ऐकू गेला. एमआरआयमध्ये दिसलं की एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणारा लिगामेंट, पूर्ण तुटलाय आणि आतल्या गादीलाही चीर गेलीय. त्यानंतर सातव्या महिन्यात मी ए-३२० या प्रवासी जेटच्या डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटवर परत बसलो. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले वैमानिक फोन करतात आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही. गुडघ्याचा निर्णय तुमच्या सर्जनचा आणि मेडिकलचा, म्हणजे उडायला लागणाऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्राचा, निर्णय डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. पण या दोघांच्या मधल्या जागेत आपण वैमानिक एकटे पडतो, आणि हे लिखाण त्या जागेसाठी आहे.

ऑपरेशन झालं म्हणजे माझं मेडिकल रद्द झालं का?

रद्द नाही, पण ते वापरायचा हक्क थांबला. हा फरक पहिल्या दिवशीच समजून घ्या. हातातल्या मेडिकलवर पुढच्या मार्चची तारीख असेल, तरी आपली प्रकृती उतरली आहे हे ठाऊक असताना लायसन्स वापरायचं नाही, हा जगभरचा नियम आहे. तो आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि आपल्याकडेही तेच तत्त्व लागू आहे. शिवाय तो नियम ऑपरेशनच्या दिवसापासून सुरू होत नाही, गुडघा गेला त्या क्षणापासून सुरू होतो. "ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तोवर दोन-चार फ्लाइट करून घेतो" असं म्हणणारा एक जण मला भेटला होता. त्याचा गुडघा जिन्यावर सटकत होता. मी त्याला हात जोडून थांबवलं.

कोणाला कळवायचं आणि कधी?

आधी कंपनीच्या मेडिकल विभागाला आणि ड्यूट्या लावणाऱ्या रोस्टरिंगला, त्याच दिवशी. मग कंपनीमार्फत किंवा स्वतः डीजीसीएच्या मेडिकल विभागाला. लपवून काहीही साधत नाही. ऑपरेशनचे व्रण गुडघ्यावर आयुष्यभर राहतात आणि पुढच्या मेडिकलला परीक्षक पॅंट वर करायला सांगणारच. अर्जातल्या "मागील तपासणीनंतर शस्त्रक्रिया झाली आहे का?" या रकान्यात खोटं लिहिलं तर प्रश्न गुडघ्याचा राहत नाही, लायसन्सचा होतो.

कळवल्यावर सहसा तात्पुरतं अनफिट केलं जातं. हा शब्द पहिल्यांदा स्वतःच्या नावापुढे वाचताना पोटात गोळा येतो. माझ्याही आला होता. पण त्यातला महत्त्वाचा शब्द "तात्पुरतं" हा आहे.

किती महिन्यांत परत उडता येईल?

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि याचं एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्याऐवजी आत काय चाललंय ते सांगतो.

तुटलेला लिगामेंट सहसा शिवत नाहीत, त्याच्या जागी तुमच्याच शरीरातला दुसरा स्नायुबंध बसवतात, त्यालाच ग्राफ्ट म्हणतात. तो बसवला त्या दिवशी चांगला मजबूत असतो. मग त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असल्याने तो आधी कमकुवत होतो आणि नंतर हळूहळू लिगामेंटसारखा घडत जातो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो सर्वांत नाजूक असतो. नेमकी हीच गंमत घात करते, कारण त्याच सुमाराला सूज उतरलेली असते, कुबड्या सुटलेल्या असतात, माणूस बिनधास्त चालत असतो आणि "मी बरा झालो" असं वाटायला लागतं. आतली पूर्ण घडण व्हायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त.

माझ्या पाहण्यातले बहुतेक वैमानिक पाच ते आठ महिन्यांच्या दरम्यान परतले. गादी शिवलेली असेल तर काही आठवडे पायावर वजन टाकायला आणि गुडघा जास्त वाकवायला बंदी असते, म्हणून उशीर होतो. गादी नुसती छाटली असेल तर तेवढा होत नाही. तेव्हा शेजारच्या बेसवरचा कोणी चार महिन्यांत परतला म्हणून स्वतःला कमी लेखू नका. त्याचं ऑपरेशन वेगळं होतं.

उजवा गुडघा की डावा, याने काही फरक पडतो का?

गाडीत पडतो, विमानात जवळजवळ नाही. उजव्या गुडघ्याच्या एसीएलनंतर ब्रेक मारण्याचा वेग पूर्ववत व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, असं ड्रायव्हिंगवरच्या अभ्यासांमध्ये दिसलं आहे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन असेल आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर दोनेक आठवड्यांत काम भागतं. त्यामुळे डावा गुडघा गेलेले वैमानिक म्हणतात, माझं तर सोपं आहे. गाडीसाठी खरं आहे ते.

विमानात मात्र दोन्ही पाय रडरच्या, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या सुकाणूच्या, पेडलांवर असतात आणि दोन्ही पेडलांच्या वरच्या टोकाला ब्रेक असतात. कोणतं इंजिन बंद पडेल हे विमान तुमचा कोणता गुडघा नवा आहे ते बघून ठरवत नाही. डावं इंजिन गेलं तर उजवा पाय दाबायचा, उजवं गेलं तर डावा.

पण रडरला एवढा जोर लागतोच कुठे? रोजच्या उड्डाणात तर पाय नुसते ठेवलेले असतात.

रोजच्या उड्डाणात खरंच नाही लागत. ए-३२० वर टॅक्सीला, म्हणजे जमिनीवर चालवताना, पुढचं चाक वळवायला हाताने टिलर, टेक-ऑफला थोडा रडर, उतरताना वारा आडवा असेल तर नाक सरळ करण्यापुरता काही सेकंदांचा दाब, मग ऑटोब्रेक, म्हणजे आपोआप लागणारा ब्रेक. अशा दिवशी तिसऱ्या महिन्यातला गुडघाही तग धरेल.

आपलं लायसन्स मात्र त्या दिवसासाठी नाही. मोठ्या विमानांच्या प्रमाणीकरणाच्या अमेरिकी आणि युरोपीय नियमांत रडरवर थोड्या वेळासाठी लागणाऱ्या जोराची कमाल मर्यादा १५० पाउंड धरली आहे, म्हणजे सुमारे ६८ किलो. दीर्घकाळ धरून ठेवायच्या जोराची मर्यादा २० पाउंड, म्हणजे नऊ किलो. एका इंजिनावर विमान ताब्यात ठेवता येण्याचा किमान वेग ठरवतानाही हीच १५० पाउंडांची मर्यादा पाळायची असते. प्रत्यक्ष विमानात सहसा इतका जोर लागत नाही. तरी नियम लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलेला पाय कसा आहे ते यावरून कळतं: एकट्या पायाने, बसल्या जागी, जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका दाब देऊ शकणारा.

आता टेक-ऑफ सोडून द्यायचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. एका बाजूच्या इंजिनाचा जोर अचानक गेला, नाक धावपट्टीच्या कडेकडे वळतंय, एका पायाने रडर दाबून सरळ धरायचंय, आणि ऑटोब्रेक लागला नाही म्हणून त्याच वेळी दोन्ही पावलांची टोकं पुढे ढकलून पूर्ण ब्रेक द्यायचाय. गुडघा थोडा वाकलेला, मांडीचा स्नायू पूर्ण आवळलेला, सगळं शरीर थरथरतंय. एसीएलच्या ऑपरेशननंतर सर्वांत आधी वाळतो आणि सर्वांत उशिरा भरून येतो तो हाच मांडीचा पुढचा स्नायू. गुडघ्यात सूज किंवा दुखणं असलं की मेंदूच त्या स्नायूला पूर्ण ताकदीने आवळू देत नाही. तुमची इच्छाशक्ती कितीही असो, तो आवळत नाही. मी फिजिओच्या टेबलावर पडून "लाव जोर, लाव जोर" ऐकत होतो आणि मांडी पिठासारखी मऊच राहत होती. ते दहा सेकंद निभावता येतील का, एवढाच खरा प्रश्न आहे.

मग माझी तयारी झाली हे कसं ओळखायचं?

क्रीडा-वैद्यकात एक साधा मापदंड वापरतात: ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के हवी. तुमच्या फिजिओला सांगा की मला धावपटू व्हायचं नाही, मला बसून एका पायाने ढकलायचंय, तर ती चाचणी घ्या. लेग प्रेसवर पाठ टेकवून, गुडघा रडरवर असतो तितकाच वाकवून, एका पायाने दाब धरून ठेवायचा. मी स्वतःसाठी सत्तर किलो, अर्धा मिनिट, पाय न थरथरता, असं माप ठरवलं होतं. हा कुणाचा नियम नाही, माझं माप आहे. सहाव्या महिन्याच्या शेवटी ते जमलं. हे व्यायाम फिजिओला विचारल्याशिवाय सुरू करू नका, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत.

ताकदीशिवाय आणखी पाहायच्या गोष्टी:

- गुडघा पूर्ण सरळ होतो का? दोन-चार अंश जरी कमी पडले तरी मांडीचा स्नायू दुबळाच राहतो.
- उकिडवं बसून उठता येतं का? उड्डाणाआधी विमान तपासायला बाहेरची फेरी मारताना चाकांच्या खोबणीत वाकून पाहावंच लागतं.
- जिना भरभर उतरता येतो का? टर्मिनलपासून दूर उभं केलेलं विमान (रिमोट बे), पावसाळा, हातात बॅग, ओल्या पायऱ्या. मुंबईच्या जुलैत हे रोजचं आहे.
- आपत्कालीन बाहेर पडणं. प्रवाशांसाठी विमान निम्म्या दारांनी नव्वद सेकंदांत रिकामं होईल असं सिद्ध करावं लागतं. ए-३२० च्या कॉकपिटमधून आपल्याला सरकत्या खिडकीतून दोरीने उतरायची वेळ येऊ शकते आणि खाली डांबर असतं. उडी मारून पाय टेकवायची तयारी गुडघ्याची आहे का?

सर्जनने "फिट टू जॉइन ड्यूटी" लिहून दिलंय. तेवढं पुरत नाही का?

नाही. तुमचे सर्जन कितीही नामवंत असोत, त्यांच्या मनातली "ड्यूटी" म्हणजे टेबल-खुर्ची असते. माझ्या सर्जनना रडर पेडल म्हणजे काय हे मी मोबाइलवर चित्र दाखवून समजावलं. त्यांनी ते मन लावून ऐकलं आणि मग प्रमाणपत्र पुन्हा लिहिलं. त्यात गुडघ्याच्या हालचालीचे अंश, सैलपणाची तपासणी, मांडीचा घेर, दोन्ही पायांची ताकद, सगळं आलं. असं प्रमाणपत्र मागून घ्या. लाजू नका.

तात्पुरतं अनफिट झाल्यावर परत फिट होण्यासाठी सहसा विशेष तपासणी लागते आणि ती कुठे करायची ते तुम्हाला कळवलं जातं. हवाई दलाची दिल्लीतली सेंट्रल मेडिकल एस्टॅब्लिशमेंट आणि बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिन ही यातली जुनी, जाणती ठिकाणं. तिथले हाडांचे डॉक्टर वैमानिकांचेच गुडघे पाहत आलेले असतात. आंतरराष्ट्रीय निकषही सरळ आहे: हाडं, सांधे, स्नायू यांत कामाच्या सुरक्षिततेला बाधा आणणारा दोष नसावा, आणि जुनी दुखापत असेल तर कार्यक्षमता तपासून निर्णय घ्यावा. म्हणजे व्रण आहे की नाही हा मुद्दा नाही. पाय काम करतो का, हा आहे.

सोबत कोणते कागद न्यावेत?

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची तपशीलवार नोंद (कोणता ग्राफ्ट, कोणते स्क्रू, गादीचं काय केलं), आधीचा आणि नंतरचा एमआरआय किंवा एक्स-रे फिल्मसह, फिजिओच्या नोंदी, सर्जनचं ताजं मत, आणि कोणती औषधं कधी बंद केली त्याची यादी. सगळ्याच्या तीन प्रती. ऑपरेशनची नोंद बरीच रुग्णालयं मागितल्याशिवाय देत नाहीत. माझी मिळवायला तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा डिस्चार्जच्या दिवशीच मागा.

औषधं कधी बंद करावी लागतात?

इथे जरा थांबून वाचा.

ऑपरेशननंतर आपल्याकडे दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी सर्रास देतात. ट्रॅमाडॉल अफूवर्गीय औषधांसारखं काम करतं: झोप, गरगरणं, मंदावलेली प्रतिक्रिया. त्याच चिठ्ठीत बरेचदा प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन असतं, तेही तसंच गुंगी आणणारं. ही औषधं चालू असताना उडायचा विचारसुद्धा नको, आणि बंद केल्यावर किती दिवस थांबायचं ते विमानवैद्यक डॉक्टरांना विचारूनच ठरवा. ३१ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे विमानकर्मचाऱ्यांची मादक द्रव्यांसाठी अचानक चाचणी होते. त्यात अफूजन्य पदार्थ, बार्बिच्युरेट आणि बेंझोडायझेपीन हे गटही आहेत. दुखण्याची, खोकल्याची, झोपेची, कुठलीही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका आणि चिठ्ठ्या फाइलला लावून ठेवा.

पॅरासिटामॉलचा गुंगीचा त्रास नाही. पण माझं ठाम मत असं की उड्डाणाच्या दिवशी गुडघ्यासाठी वेदनाशामक घ्यावं लागत असेल तर तो गुडघा अजून उडायला तयार नाही. गोळीने दुखणं झाकतं, ताकद येत नाही.

आणि घरचे उपाय. आई, सासूबाई, काकू, सगळ्या मायेने काही ना काही आणतात. तेल चोळायला हरकत नाही, सर्जनना विचारून आणि टाके पूर्ण भरल्यावर. पण दशमूलारिष्ट, अश्वगंधारिष्ट यांसारखी आसवं-अरिष्टं पोटात घेऊ नका. ती आंबवूनच बनतात, त्यांच्यात अल्कोहोल तयार झालेलं असतं. डीजीसीएने २०२३ मध्ये अल्कोहोल असलेली औषधं, माउथवॉश आणि दातांचं जेलसुद्धा कर्मचाऱ्यांना मना केलं आहे. अनेक होमिओपॅथी थेंबांचंही तेच. आईला मी बाटलीवरचं लेबल वाचून दाखवलं, मग तिने ती स्वतःच उचलून आत ठेवली.

रक्ताची गुठळी होण्याची भीती खरी आहे का?

आहे. पायाचं ऑपरेशन, मग हालचाल कमी, वर तासन्‌तास बसणं. पोटरी एका बाजूनेच सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, किंवा अचानक धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा. गुठळी निघाली तर रक्त पातळ करणारी औषधं लागतात आणि मग उडण्याचा प्रश्न गुडघ्याहून मोठा होतो. पहिल्या आठवड्यांत प्रवासी म्हणूनसुद्धा विमानात बसण्याआधी सर्जनला विचारा. ऑपरेशनसाठी नागपूरहून किंवा गोव्याहून मुंबई-पुण्याला येणाऱ्यांनी परतीचं तिकीट आधीच काढून ठेवू नये.

कोणता ग्राफ्ट वैमानिकाला चांगला?

मांडीच्या मागचा, वाटीच्या खालचा, वाटीच्या वरचा, किंवा घोट्याजवळचा पेरोनियस. आपल्याकडे हे सगळे वापरले जातात. वाटीच्या खालचा घेतला तर पुढे गुडघा टेकवून बसताना दुखू शकतं. वाटीच्या वरचा घेतला तर मांडीचा पुढचा स्नायू भरायला वेळ लागू शकतो, आणि रडर तोच स्नायू दाबतो. हे सर्जनना सांगा आणि निवड त्यांच्यावर सोडा. ज्या ग्राफ्टवर त्यांचा हात बसलाय तोच बहुधा तुमच्यासाठी बरा.

गुडघ्याला आधाराचा ब्रेस लावून उडता येईल का?

ब्रेसशिवाय गुडघा स्थिर राहत नसेल तर तुम्ही परतायच्या स्थितीत नाही. बिजागरीचा ब्रेस पेडल आणि सीटच्या मधल्या जागेत अडकतोही. साधी लवचीक नी-कॅप, नुसत्या आधाराच्या भावनेसाठी, बरेच जण वापरतात. पण तीही वापरण्याआधी परीक्षकांना सांगा.

मेडिकल मिळालं. आता लगेच रोस्टरवर?

अजून नाही. मागच्या नव्वद दिवसांत तीन टेक-ऑफ, तीन लॅंडिंग झालेली नसणार, म्हणजे रीसन्सी, अलीकडे उडल्याची अट, गेली. या काळात पीपीसी (वैमानिकाची ठरावीक काळाने होणारी कौशल्य-चाचणी) आणि आयआर (उपकरणांवर उडण्याची परवानगी) यांच्या तारखाही बहुधा उलटून गेलेल्या असतात. डेंजरस गुड्स, सेफ्टी-इमर्जन्सी, सीआरएम (क्रूने एकत्र काम करण्याचं प्रशिक्षण), एव्हसेक (विमानसुरक्षा), यातलं काय संपलं ते ट्रेनिंग विभागाला आधीच विचारा. हे जमिनीवरचे वर्ग घरी बसलेल्या काळात उरकता आले तर उरकून घ्या. मी नाही उरकले आणि मेडिकल हातात असून तीन आठवडे नुसता थांबलो.

सिम्युलेटरची वेळ ठरली की परीक्षकाशी आधी बोला. मी सरळ म्हणालो, "सर, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फिट आहे, पण डावं इंजिन फेल द्या, एकदा नाही, चार वेळा द्या." त्यांनी पाच वेळा दिलं. पहिल्या वेळी पाय गेला पण अर्धाच, कारण मन आखडलं होतं. तिसऱ्या वेळी पायाला विश्वास आला. मग रडर ट्रिम करेपर्यंत धरून ठेवणं, एका इंजिनावर उतरणं, आडव्या वाऱ्यात टेक-ऑफ सोडणं आणि ऑटोब्रेक बंद ठेवून हातचा, म्हणजे पायाचा, पूर्ण ब्रेक. सिममधून बाहेर आल्यावर मी गुडघ्यावर बर्फ ठेवून बसलो आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा निर्धास्त झोपलो.

सीट नीट लावा, हेही तिथेच करून पाहा. ए-३२० मध्ये मधल्या खांबावरचे लाल-पांढरे गोळे जुळवून आधी डोळ्याची उंची, मग पेडल पुढे-मागे. पूर्ण रडर आणि पूर्ण ब्रेक एकत्र दिल्यावरही गुडघ्यात किंचित बाक उरला पाहिजे. ऑपरेशनआधीचा आकडा आता चालेलच असं नाही. माझं पेडल दोन घरं जवळ आलं.

लांब बसल्यावर गुडघा आखडतो. काय करावं?

वाकलेल्या स्थितीत बराच वेळ राहिला की वाटीमागे दुखतं, हे पहिल्या वर्षात होतंच. क्रूझमध्ये सीट मागे घेऊन, सहवैमानिकाला सांगून, पाय सरळ करा आणि मांडी आवळून सोडा. सेक्टरांच्या, म्हणजे उड्डाणांच्या, मध्ये टर्नअराउंडला बाहेरची फेरी स्वतः मारा. परतल्यावर पहिला महिना दिवसाला दोन सेक्टर मागून घ्या. बरेच रोस्टरिंगवाले ऐकतात, आणि तुम्ही आधी सांगितलं तर नक्कीच जास्त ऐकतात. क्रू बसची पायरी उंच असते: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

मी एटीआरवर आहे. वेगळं काही?

एटीआरसारख्या पंख्याच्या विमानात पॉवर बदलली की पायही बदलावा लागतो. जेटच्या तुलनेत रडरचं काम जास्त आणि सेक्टर छोटे, म्हणजे दिवसात टेक-ऑफ-लॅंडिंग जास्त. माझ्या मते एटीआरवाल्यांनी जेटवाल्यांपेक्षा महिनाभर तरी उशिराच परतावं.

हेलिकॉप्टर वैमानिकांनी काय लक्षात घ्यावं?

त्यांच्या पायांना विश्रांतीच नसते. शेपटीच्या पंख्याचे पेडल हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबताना, सतत हलत असतात. जोर कमी लागतो पण बारकावा खूप लागतो, आणि ऑपरेशननंतर पायाची ती जाण, म्हणजे न बघता पाय कुठे आहे हे कळणं, मंदावते. फिजिओकडून एका पायावर तोल सांभाळायचे, डोळे मिटून करायचे व्यायाम भरपूर करून घ्या. जुहूहून समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राला जाणाऱ्यांना तर पाण्याखालून बाहेर पडण्याचं प्रशिक्षणही असतं. पाण्यात उलटवलेल्या नकली केबिनमधून लाथ मारत बाहेर यायचं असतं. त्याची मुदत संपत असेल तर गुडघ्याला ते झेपेल का हे सर्जनना स्पष्ट विचारा.

मी बारामतीत ट्रेनिंग घेतोय, अजून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, व्हायचंय. वर्ष वाया जाईल का?

वर्ष नाही, पण काही महिने जातील, आणि जाऊ द्या. सेसना १७२ सारख्या विमानात चढताना नाक सतत डावीकडे ओढतं, म्हणजे उजवा पाय पूर्ण चढाईभर दाबलेला. स्पिनमधून काढायला उलट्या बाजूचा पूर्ण रडर. आणि सोलोला शेजारी कोणी नाही. एअरलाइनमध्ये निदान दुसरा वैमानिक असतो. तेव्हा तुमचा निकष आमच्यापेक्षा कडक असायला हवा. या काळात पेपर काढा. मेट (हवामानशास्त्र) आणि नॅव्हिगेशन गुडघ्याने लिहायचे नसतात. हप्त्यांची काळजी घरच्यांशी उघड बोला. बाबांना कळू नये म्हणून लवकर उडायला गेलेला मुलगा मी पाहिलाय, त्याचं दुसरं ऑपरेशन झालं.

ऑपरेशन न करता उडता येईल का?

काहींना येतं. एसीएल नसतानाही मांडीचे स्नायू इतके भक्कम करता येतात की गुडघा सरळ रेषेतल्या कामात सटकत नाही, आणि रडर हे सरळ रेषेतलंच काम आहे. पण गुडघा वारंवार सटकत असेल तर गादी झिजत जाते, आणि सटकणारा गुडघा कॉकपिटमध्ये, जिन्यावर, स्लाइडवर कुठेच नको. इथेही तपासणी तीच, निकष तेच.

पगाराचं आणि विम्याचं काय?

फ्लाइंग अलाउन्स आणि लेओव्हरचा भत्ता थांबतो, आणि आपल्या पगारात तोच भाग मोठा असतो. लॉस ऑफ लायसन्सची, म्हणजे मेडिकल गेल्यावर भरपाई देणारी, पॉलिसी असेल तर आजच काढून तीन गोष्टी वाचा: तात्पुरत्या अनफिटला पैसे मिळतात का, किती दिवसांनंतर सुरू होतात, आणि किती दिवसांत कळवावं लागतं. तिसरी चुकली तर पहिल्या दोन निरुपयोगी. खेळताना झालेली दुखापत वगळलेली आहे का तेही पाहा.

स्क्रूमुळे मेटल डिटेक्टर वाजेल का?

सहसा नाही. टायटॅनियमचे तुकडे लहान असतात, आणि काही स्क्रू तर शरीरात विरघळणारे असतात. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, झालं.

मी परदेशात उडतो. नियम वेगळे आहेत का?

तत्त्व एकच. युरोपीय नियमांत शस्त्रक्रिया झाली, रुग्णालयात दाखल झालात किंवा नियमित औषध सुरू झालं, तर लायसन्स वापरण्याआधी विमानवैद्यक सल्ला घ्यायलाच हवा, असं स्पष्ट लिहिलंय. अमेरिकेत आपल्या मेडिकलचे निकष पूर्ण करू शकत नाही हे ठाऊक असताना उडायचं नाही, ही जबाबदारी वैमानिकावरच आहे. सुट्टीवर पुण्यात येऊन ऑपरेशन करून घेणारे बरेच आहेत. त्यांनी सगळे कागद इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घेऊन जावेत.

परतल्यानंतर एखाद्या दिवशी गुडघा सुजला तर?

त्या दिवशी उडू नका. "आज नको" हा फोन परतल्यानंतरच्या पाचव्या आठवड्यात मी केला. सकाळी चारला, पिकअपच्या दीड तास आधी. फार अवघड गेलं, कारण सात महिने सगळ्यांनी सांभाळून घेतलं होतं आणि आता पुन्हा मीच रजा मागत होतो. पलीकडची मुलगी म्हणाली, "ठीक आहे सर, स्टॅंडबाय काढते." दोन दिवसांत सूज उतरली, तिसऱ्या दिवशी मी उडालो.

पुन्हा बॉक्स क्रिकेट खेळू का?

खेळाडूंवरच्या २०१६ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितके महिने लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला साधारण निम्मा होत गेला. तेव्हा नऊ महिन्यांआधी तर नाहीच, आणि नंतरही उड्या मारायच्या चाचण्या पार केल्यावरच. उडणं आधी सुरू होतं, खेळणं नंतर. माझ्या ऑपरेशनला आता दोन वर्षं झाली. टर्फवर मी जातो, मुलाला बॉलिंग टाकतो, दोन पावलांच्या रनअपने. चेंडू अडवायला मात्र वळत नाही, जाऊ देतो चौकार.